भिशी, नवं-जुनं आणि आमचे ब्राऊन्स

२०२५ च्या २५ एप्रिलला, शुक्रवारी, पहाटे साडेपाचला आमच्या नळाला पाणी आलं आणि बरोबर साडेपाचलाच तिकडं अमेरिकेत ग्रीन बेला एनएफएलचा, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नवी पोरं वाटून घ्यायचा कार्यक्रम) सुरू झाला. तिकडं गुरुवारचे संध्याकाळचे सात. आता लातुरात नळाला रोज पाणी येत नसतंय हे लातूरकरांना सांगायला नको, आणि ड्राफ्ट तर वर्षातनं एकदाच, म्हणून मी एका हातात पाईप धरलेला, मोबाईल जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकवून उभा केलेला, आणि एक डोळा बॅरलवर एक डोळा स्क्रीनवर. शिफ्ट साडेतीनला संपली होती. झोपलो असतो तर उठलोच नसतो, त्यामुळं चहा करून पित तसाच बसलो होतो.

पहिला नंबर टेनेसीचा, त्यांनी कॅम वॉर्ड घेतला, ते आधीपासूनच सगळ्यांना माहीत होतं. दुसरा नंबर आमचा. आमचा म्हणजे क्लीव्हलँड ब्राऊन्सचा. आणि मी चार महिने झाले एकाच पोराची माळ जपत होतो, ट्रॅव्हिस हंटर. हे पोरगं बॉल पकडायला पण खेळतंय आणि समोरच्याला बॉल पकडू न द्यायला पण खेळतंय, म्हणजे एकच गडी ओपनिंगला जाणार आणि नवा बॉल पण टाकणार असं समजा, कॉलेजात दोन्ही बाजूनं खेळून २०२४ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सगळ्यात भारी खेळाडूला मिळते ती) घेतलेला. असलं पोरगं पन्नास वर्षात एकदा येतंय. आणि पडद्यावर काय यावं, तर ट्रेड. ब्राऊन्सनी दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला देऊन टाकला, जॅग्वार्सनी हंटर उचलला, आणि आम्ही पाचव्या नंबरावर जाऊन मेसन ग्रॅहम नावाचा एक दांडगा गडी घेतला जो मधे उभा राहून धक्काबुक्की करतो. मी तिथंच "अरे!" म्हणून खाली बसलो. बॅरल भरून पाणी जिन्यावरून खाली घरमालकाच्या दारात.

"ओ, पाणी सांडायलंय की! ध्यान कुठंय?" बायको आतून.

ध्यान क्लीव्हलँडला होतं, सांगणार कसं.

ज्यांना हे सगळं काय चाललंय कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा तो मेस्सीवाला फुटबॉल नाही, अमेरिकेतला, अंड्यासारखा बॉल असतो तो. आमच्या आण्णांचा (वडील) पहिला प्रश्न हाच होता की हातानं खेळतेत तर फुटबॉल कामून म्हणायलेत, त्याला माझ्याकडं आजपण उत्तर नाही. ३२ टीम, आणि दर एप्रिलला कॉलेजातली नवी पोरं वाटून घ्यायची, सात राऊंड. आयपीएलसारखी बोली लागत नाही. मागच्या वर्षी जो सगळ्यात वाईट हरला त्याचा नंबर पहिला, जो कप जिंकला तो शेवटी. हे आण्णांना सांगितलं तर म्हणले, "म्हणजे हरल्याला आधी वाढायचं? चांगलंय की. आपल्यात तर जिंकलेलाच आधी ताट ओढतो." मग थोडा विचार करून म्हणले, "पर मंग सगळे मुद्दाम हरतेल की." पंधरा मिनिटात माणूस तिथवर पोचला. तिकडं याच्यावर टीव्हीवर पॅनल बसवून वर्षानुवर्षे चर्चा चालते.

मी या फंदात कसा पडलो तर २०१७ ला पुण्यात हिंजवडीला नाईट शिफ्टला होतो, मेडिकल बिलिंग, अमेरिकेतल्या इन्शुरन्सवाल्यांना फोन करून विचारायचं की बाबा हे बिल कामून अडवलं. आमचा क्लायंट ओहायोचा. दर सोमवारी कॉलवर तिकडच्या सुपरवायझरचा आवाज मयताला जाऊन आल्यासारखा. एकदा विचारलं तर म्हणाला ब्राऊन्स परत हरले. पुढच्या सोमवारी परत तेच. त्या सीझनला ब्राऊन्स सोळाच्या सोळा मॅच हरले, ०-१६. जानेवारीत तिथल्या पब्लिकनं कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती गोल गोल मिरवणूक काढली, शून्याच्या आकाराची, आणि त्या निमित्तानं गरिबांच्या धान्यासाठी पैसे पण गोळा केले. मला ते फार आवडलं. सोळा मॅच हरून वरात काढणारी माणसं आपलीच वाटली, आमच्या भागात दुष्काळ पडला तरी जत्रा होतेच की. तेव्हापासून मी ब्राऊन्सचा. आता लातूरला परत येऊन घरून तेच काम करतो, पगार ३१ हजार, खोलीभाडं सहा, गाडीचा हप्ता, पोराची शाळा, बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

आणि ब्राऊन्सचं दुखणं कळायला पैशाचंच डोकं लागतंय, खेळाचं नाही.

माझ्या शेजारच्या तांड्यावरची, बीड साईडची माणसं ऊसतोडीला जातात. पावसाळ्यात मुकादम येतो, कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, उचल (आगाऊ पैसे) देतो, लाखात असते आजकाल. ती उचल लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात जाते. मग दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं आणि सहा महिने तोडून तोडून ती फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडं. पुढच्या वर्षीचं अंग यंदा विकून बसायचं.

ब्राऊन्सनी मार्च २०२२ मधे हेच केलं. डेशॉन वॉटसन नावाच्या क्वार्टरबॅकसाठी (बॉल फेकणारा, टीमचा मुख्य गडी) ह्यूस्टनला २०२२, २०२३, २०२४ असे तीन वर्षांचे पहिल्या राऊंडचे पिक (पोरगं निवडायचे नंबर) दिले, वर खालच्या राऊंडचे पण थोडे. पिक आणि पीक, फरक नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा, तीन हंगामाचं पीक उभ्या उभ्या लिहून दिलं. आणि पगार २३ कोटी डॉलर, पाच वर्षं, सगळेच्या सगळे गॅरंटीचे, खेळो न खेळो. एप्रिल २०२५ च्या ८५ च्या भावानं १९०० कोटीच्या वर. त्याच्यावर दोन डझनाच्या वर बायकांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे केलेले, तो नाही म्हणत राहिला, पण लीगनं ११ मॅच बसवला आणि ५० लाख डॉलर दंड लावला. बायकोला हे सांगितलं त्या दिवसापासून ती ब्राऊन्सचं नाव काढू देत नाही आणि त्यात तिचं काही चुकत नाही, मला पण त्या तीन वर्षात तो मैदानात असला की मनापासून ओरडता आलं नाही. असू द्या. तीन सीझनमधे तो खेळला किती, तर १९ मॅच. मग टाचेमागची शीर तुटली, जानेवारीत परत तुटली.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१७ च्या ड्राफ्टला बारावा नंबर ब्राऊन्सकडं होता. तो त्यांनी ह्यूस्टनला देऊन टाकला. ह्यूस्टननं त्याच नंबरावर कोण घेतला? वॉटसन! म्हणजे दावणीचं वासरू बाजारात सोडून दिलं आणि पाच वर्षांनी तोच बैल तिप्पट पैसे मोजून घरी आणला, तो पण लंगडा.

त्या उचलीमुळं तीन एप्रिल आम्हाला पहिल्या राऊंडला नंबरच नाही. मी तरी तिन्ही साल पहाटे उठलो. कामून ते विचारू नका.

आता पगाराचं. टीमला वर्षाला खेळाडूंवर खर्च करायची एक मर्यादा असते, कॅप म्हणतात, यंदा २७ कोटी ९२ लाख डॉलर. त्यात एकट्या वॉटसनचे ७ कोटी २९ लाख यंदाच्या खात्यात बसणार होते, म्हणजे पाव घर एका आजाऱ्यावर. मग ब्राऊन्स काय करतात, त्याचा पगार बोनसमधे बदलतात, बोनसची रक्कम यंदाचं धरून पाच वर्षांपर्यंत पसरता येते, यंदाचा बोजा कमी होतो, पुढचा वाढतो. मार्चमधे परत तेच करून यंदाचा आकडा जवळपास निम्म्यावर आणला. तिकडचे एक्स्पर्ट याच्यावर तक्ते बनवून समजावून सांगायलेत. आमच्या गावात कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो तक्त्याशिवाय एका शब्दात सांगंल, नवं-जुनं.

आमचंच यंदाचं सांगतो. आण्णांचं पीककर्ज १ लाख ६० हजार. तीन लाखापर्यंत ३१ मार्चच्या आत पूर्ण भरलं तर व्याज शून्य, एक दिवस पुढं गेलं तर व्याज चालू आणि पुढच्या कर्जाचं पण लोंबकळतं. म्हणून सगळं गाव मार्चमधे एकच करतंय, कुठून तरी पैसे आणून भरायचे, खातं निल दाखवायचं आणि परत तेवढंच, जमलं तर थोडं जास्त उचलायचं. यंदा आण्णांनी १८ क्विंटल सोयाबीन दिवाळीपासून घरात ठेवलं होतं, भाव येईल म्हणून. २०२१ ला एकदा दहा हजाराच्या वर गेला होता ना, तो भाव माणसाच्या डोक्यातून जाईना. हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास. आण्णा रोज सकाळी मोबाईलवर भाव बघायचे, "अजून थांबू." थांबले, थांबले, आणि २६ मार्चला ४,०५० नं घालून आले. ७२,९०० ची पट्टी, त्यातून हमाली-तोलाई गेली. घरात ठेवून वाळून वजन घटलं ते वेगळंच. राहिलेले नव्वद हजार मी एकाकडून आणले, शेकडा तीननं. नवं कर्ज बारा दिवसात खात्यावर आलं पण त्यानं व्याज महिन्याचं घेतलं, २,७०० रुपये. शून्य टक्के व्याजासाठी २,७०० व्याज. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हेच झालंय.

तर अशा एप्रिलमधे माझी परिस्थिती काय असंल ते बघा, आणि त्यात ताईचा फोन. भाच्यानं दहावी दिलीय, निकाल अजून लागायचाय, पण लातूरच्या क्लासला ॲडमिशन निकालापर्यंत थांबत नाहीत. लातूर पॅटर्न म्हणून राज्यातनं पोरं इथं येतात, ट्यूशन एरियात एप्रिल-मेमधे चालायला जागा नसते, बापाच्या हातात फाईल आणि आईच्या हातात पाण्याची बाटली. क्लासवाले एक टेस्ट घेतात, पहिल्या वीसात आला तर फी माफ, पन्नासात आला तर निम्मी. हा आमचा ड्राफ्ट. मी भाच्याला घेऊन गेलो होतो, नोटीस बोर्डवर त्याचा नंबर ६१. तो बोर्डासमोर उभा राहून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत होता, जसं काय दुसऱ्या वेळी नंबर सरकणार आहे. मी म्हणलं, "अरे टॉम ब्रॅडी, एवढा मोठा क्वार्टरबॅक, ड्राफ्टला १९९ ला गेला होता." तो म्हणला, "मामा, ते कोन?" पूर्ण फी, पहिला हप्ता ४० हजार. दाजी टेम्पो चालवतात, ताईनं मागितले नव्हते, नुसतं सांगितलं. मामाला एवढं कळतं.

माझी नजर बायकोच्या भिशीवर.

भिशी बोलीची आहे. पंधरा जणी, महिना चार हजार, साठ हजाराचा गल्ला. ज्या बाईला नड आहे ती बोली लावते, मी साडेनऊ सोडते, मला पन्नास हजार पाचशे द्या. ते साडेनऊ हजार पंधरा जणीत वाटतात, प्रत्येकीला सहाशे तेहतीस. जी शेवटपर्यंत थांबते तिला बोली न लावता पूर्ण साठ, आणि मधल्या सगळ्या महिन्यांचं हे सुटलेलं वर. भिशी जानेवारीत लागली, म्हणजे शेवटचा नंबर मार्च २०२६. बायकोनं पहिल्या दिवशीच ठरवलंय, शेवटचा नंबर आपला. मी ड्राफ्टच्या आदल्या रविवारी विषय काढला की यंदा एप्रिलची उचलू, नऊ-साडेनऊ गेले तर गेले. तिनं पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "चाळीस हजारासाठी साडेनऊ सोडायचे?" मी गप. मग म्हणली, "पहिल्या महिन्यात त्या बाईनं अकरा सोडले. आपल्या हिश्शाला सातशे तेहतीस आले. तिच्या नवऱ्यानं पण असंच म्हणलं असंल."

आता परत त्या पहाटेकडं या. बॅरल सांडलं, शिव्या खाल्ल्या, आणि सात-साडेसातला डोकं शांत झाल्यावर मी बघितलं ब्राऊन्सला त्या ट्रेडमधे मिळालं काय. पाचवा नंबर, दुसऱ्या राऊंडचा ३६ वा, चौथ्याचा १२६ वा, आणि जॅक्सनव्हिलचा २०२६ चा पहिल्या राऊंडचा पिक. पुढच्या वर्षीचा! तीन वर्षं उचल घेऊन बसलेल्या टीमनं पहिल्यांदा कुणाला तरी उचल स्वतः दिली. नड जॅक्सनव्हिलला होती, बोली त्यांनी लावली, आम्ही बसून राहिलो. पुढच्या वर्षी पहिल्या राऊंडला आमचे दोन नंबर. म्हणजे अँड्र्यू बेरी, आमचा जीएम (जनरल मॅनेजर, गडी घ्यायचं-द्यायचं बघणारा), ज्याला मी तासभर आधी काय काय म्हणलो ते लिहिता येणार नाही, तो माझ्या बायकोचं डोकं चालवायला लागला होता.

ड्राफ्टमधे एक अंगवळणी पडलेला हिशोब आहे, पुढच्या वर्षीचा पहिला राऊंड म्हणजे यंदाचा दुसरा राऊंड, एक पायरी उतरवून धरायचा. रिचर्ड थेलर, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला, त्यानं केड मॅसी नावाच्या जोडीदाराबरोबर ड्राफ्टच्या ट्रेडचा अभ्यास केला होता, तर टीम्स ज्या दरानं पुढच्या वर्षीचा नंबर आजच्या भावात धरतात तो व्याजदर वर्षाला शेकडा शंभरच्या वर निघाला. आमच्याकडचा एकदम वाईट सावकार महिना शेकडा पाचनं देतो, वर्षाचे साठ झाले. म्हणजे अब्जाधीश मालक लोक आमच्या सावकारापेक्षा महाग पैसे घेतात, ते पण पोट भरलेलं असताना. त्यांना ना दवाखाना, ना पोरीचं लग्न. जीएमला नोकरी जायची भीती, एवढीच नड.

पण हे लिहिताना मला आण्णांचं सोयाबीन पण आठवतंय. ते पण थांबलेच होते की. थांबणाऱ्याला मिळतं असं कुठं लिहिलंय, भिशीत मिळतं कारण आकडा ठरलेला आहे, साठ म्हणजे साठ. सोयाबीनचा आकडा कुणी ठरवलेला नाही. आणि जॅक्सनव्हिलचा पुढच्या वर्षीचा पिक कितवा येईल? हंटरमुळं ते जिंकायला लागले तर तो विसाच्या खाली जाणार, म्हणजे मी आता वर्षभर त्या पोरानं चांगलं खेळू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं, ज्याच्यासाठी चार महिने झुरलो त्याच्याच वाईटावर.

शनिवारी रात्री सुट्टी होती, शेवटचे राऊंड आपल्या साडेनऊला सुरू होतात, जेवण करून गच्चीवर गादी टाकून बघत बसलो. लाईट गेलेली, खाली डास, वर मोबाईलचा उजेड. शेड्युर सँडर्स म्हणून क्वार्टरबॅक आहे, जुना नामांकित खेळाडू डिऑन सँडर्सचा पोरगा, सगळे म्हणत होते पहिल्याच राऊंडला जाणार. पहिला राऊंड गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, घरी लोक बोलावून बसलेलं पोरगं. आम्ही तिसऱ्या राऊंडला दुसराच एक क्वार्टरबॅक घेतला, डिलन गेब्रियल. आणि मग पाचव्या राऊंडला, १४४ व्या नंबरावर, ब्राऊन्स. पहिल्या नंबरवाल्याला चार वर्षांचे पावणेपाच कोटी डॉलरच्या वर, आणि १४४ व्या जागेचा दर साधारण ४६ लाख डॉलर. दर जागेप्रमाणे ठरलेला असतो, २०११ पासून असंच आहे, त्याच्या आधी नवख्या पोरांना तोंडाला येईल तेवढे मिळायचे. ४६ लाख म्हणजे आपले ३९ कोटी, तरी त्या रात्री तिकडं सगळे त्याच्यासाठी हळहळत होते आणि खरं सांगतो मी पण हळहळलो. गच्चीवर पडून ३९ कोटीवाल्याची कीव करायला पण एक कॅलिबर लागतं.

भाच्याला फोन लावून सांगितलं, १४४ ला गेलाय बघ. त्यानं "हो का" म्हणून ठेवला, झोपेत होता.

सोमवारी क्लासच्या काउंटरवर जाऊन आलो. पोरगा बरा होता बोलायला, म्हणाला सर, निकालात ९५ च्या वर आले तर फीचं परत बघता येईल, तोवर पंधरा भरून जागा धरून ठेवा. पंधरा भरले. आले कुठून, तर मागच्या आठवड्यात कंपनीत ॲडव्हान्सचा फॉर्म टाकला होता, मेपासून तीन महिने पाच-पाच हजार पगारातून कापणार. एवढं सगळं उचलीवर लिहून शेवटी मी पण कोयता उचललाच.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती माझं काही वाचत नाही, पण भिशीतल्या एकीची पोरगी वाचते, आणि येत्या रविवारी मे महिन्याची बोली आमच्याच घरी आहे.